आधी पेन्सिल, मग फेविकॉल

हॉस्टेलमध्ये ग्रीटिंग बनवायचं ठरलं की पुढचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. आदल्या रात्री अकरा वाजता कुणीतरी कार्डपेपर आणतं, कुणी ग्लिटरची ट्यूब, कुणी मागच्या गॅदरिंगमधली उरलेली लेस. कागद मधोमध दुमडला जातो (मधोमध म्हणजे साधारण!), फेविकॉलचं झाकण उघडतं आणि सगळे एकदमच चिकटवायला लागतात. साडेबारापर्यंत कार्ड गच्च भरतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अजून लिहायचं राहिलंय! उरलेल्या दोन बोटं जागेत 'विथ लव्ह' कोंबलं जातं, सह्या मागच्या बाजूला जातात आणि वर आपण म्हणतो, "जाऊ दे गं, भावना महत्त्वाच्या."

माझं म्हणणं एवढंच आहे की भावना जर महत्त्वाच्या, तर त्यांची जागा सगळ्यात आधी राखून ठेवा. आणि जागा राखायची तर चिकटवण्याआधी लेआउटचं एक साधं स्केच काढा. चार रेघा, दोन चौकोन, एक गोल. चित्र कुठे, मजकूर कुठे, सह्या कुठे, मोकळी जागा किती. बास! दहा मिनिटांचं काम. पण ही दहा मिनिटं आपण देत नाही, आणि आपण म्हणजे कोण, तर पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स काढून आलेली मंडळी. गंमत नाही का?

मी सिव्हिलची. साइटवर काम सुरू होताना सगळ्यात आधी लाइन आउट होतं. जमिनीवर दोऱ्या ताणतात, चुन्याची फक्की मारतात, कॉलम कुठे येणार ते दाखवतात, आणि मगच खोदकाम. फक्की चुकली तर पायाने पुसून दुसरी मारता येते. काँक्रीट ओतलेला कॉलम सहा इंच डावीकडे सरकवता येत नाही. फेविकॉलने चिकटवलेलं फूलही सरकवता येत नाही. सरकवायला गेलात तर खालच्या कागदाचा पापुद्रा घेऊन वर येतं. तेव्हा पुसता येण्यासारखं आहे तोवरच ठरवून घ्यावं, हा नियम दोन्हीकडे एकच.

कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजी क्राफ्टच्या पुस्तकातलं खूळ आहे. अजिबात नाही. आपल्या आज्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा काय करतात? आधी ठिपके. किती ओळी, मधला ठिपका कुठे, दाराच्या उंबऱ्यापासून किती लांब. ठिपके झाल्याशिवाय रेघ नाही आणि रेघा झाल्याशिवाय रंग नाही. लग्नपत्रिका घ्या. वर मधोमध गणपती, मध्ये वधूवरांची नावं, त्यांच्या आईवडिलांची नावं कुठे आणि किती मोठी, आणि अगदी खाली कोपऱ्यात चिल्ल्यापिल्ल्यांचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' कुठल्या काकांचं नाव कुठल्या ओळीत यावरून आपल्याकडे रुसवेफुगवे होतात. म्हणजे कागदावरची जागा हीसुद्धा काहीतरी सांगते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. फक्त ग्रीटिंग बनवताना आपण ते विसरतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे डिसेंबर लागला की क्राफ्टच्या तासाला नाताळची कार्डं. आमच्या सिस्टर आल्या की पहिल्यांदा रफ पेपर वाटायच्या, रंगीत कागद कपाटातच. रफवर आखून दाखवलं की मगच कपाट उघडायचं. तेव्हा फार राग यायचा. पुढे त्या पहिल्या नाताळ कार्डाबद्दल वाचलं आणि सिस्टरांचा हट्ट कळला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी, सगळ्यांना स्वतंत्र पत्रं लिहायला वेळ नाही म्हणून, जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून छापून घेतलं. विकायला ठेवलेलं पहिलं नाताळ कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. किंमत एक शिलिंग. त्या कार्डाचं चित्र कुठे मिळालं तर त्याचा लेआउट जरूर बघा. तीन भाग आहेत. मधल्या मोठ्या भागात एक कुटुंब मेजवानीला बसलंय. दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्यांत गरिबांना अन्न देणं आणि वस्त्र देणं अशी दोन चित्रं. शुभेच्छेच्या ओळीला मधल्या चित्राखाली स्वतःची जागा आहे. आणि वर घेणाऱ्याच्या नावासाठी, खाली देणाऱ्याच्या नावासाठी रिकामी जागा सोडली आहे! कार्ड शेकड्यांनी छापायचं होतं, तरी ज्याला द्यायचं त्याच्या नावाची जागा आधीपासून राखलेली. आपण एकाच माणसासाठी कार्ड बनवतो आणि त्याचंच नाव लिहायला जागा उरत नाही.

आता थोडं कडू बोलते. आपल्याला स्केच काढायचा कंटाळा का येतो? मला वाटतं त्याचं मूळ पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आहे. जीटी म्हणजे काय हे हॉस्टेलवासीयांना सांगायला नको. स्टाफपैकी कुणाला माहीत नसेलच (असं समजू या) तर सांगते: ग्लास ट्रेसिंग. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रीत अख्खं प्रोजेक्शन तय्यार! शीट सुंदर दिसते, सही मिळते, टर्म वर्क सुटतं. पण ती रेघ तिथेच का आली हे विचारायची सवय मात्र जाते. ड्रॉइंग म्हणजे तयार झालेलं काहीतरी उतरवून काढणं, असा आपला समज होऊन बसतो. खरं तर ड्रॉइंग हे वस्तू तयार व्हायच्या आधी विचार करण्यासाठी असतं. मोबाईलवरच्या टेम्प्लेटमध्ये नाव बदलून प्रिंट काढणं हीसुद्धा एक प्रकारची जीटीच. फरक इतकाच की काच खिशात मावते.

असो. उपदेश पुरे, आता कृती.

हॉस्टेलमध्ये रद्दी झालेल्या ए-फोर कागदांना तोटा नाही. जर्नलची चुकलेली प्रिंट घ्या, कोरी बाजू वर. ती तीन वेळा अर्ध्यात दुमडा आणि उघडा. आठ चौकोन मिळतील. प्रत्येक चौकोन ७४ बाय १०५ मिलिमीटर. आता आपलं नेहमीचं कार्ड म्हणजे ए-फोर कागद एकदा दुमडलेला, १४८ बाय २१०. पाहिलंत? प्रत्येक चौकोन कार्डाच्या बरोबर निम्म्या मापाचा, १:२ स्केल, आणि तेही पट्टीला हात न लावता! ए मालिकेच्या कागदाच्या बाजूंचं प्रमाण १ ला वर्गमूळ २ असल्यामुळे हे जमतं. कागद कितीही वेळा अर्धा करा, आकार तोच राहतो. या प्रमाणाचा हा गुण लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ सालच्या एका पत्रात नोंदवला होता आणि १९२२ मध्ये जर्मनीने त्यावरून कागदाची मापं ठरवली. आपण मात्र ए-फोर म्हटलं की फक्त झेरॉक्सचा दर आठवतो.

तर या आठ चौकोनांत आठ वेगवेगळे लेआउट काढा. फुलं, पानं, बाहुल्या काढू नका. नुसते चौकोन, गोल, पट्ट्या. चित्र येणार तिथे 'चि', मजकूर येणार तिथे 'म'. सगळ्यात आधी 'म' ची चौकट आखा, मग बाकीची. पहिले दोनतीन लेआउट सगळ्यांचे सारखेच येतात: मधोमध चित्र, खाली मजकूर. खरी मजा चौथ्यानंतर सुरू होते, कारण सोपं ते सगळं संपलेलं असतं. एखादा आवडला तर तोच ९० अंशात फिरवून बघा, किंवा आरशात दिसेल तसा उलटा करून बघा. एका लेआउटचे असे तीनचार होतात.

नंतर डमी. छापखान्यात हाच शब्द वापरतात. रफ कागद कार्डासारखा दुमडून त्यावर 'पुढचं पान', 'आत डावीकडे', 'आत उजवीकडे', 'मागचं पान' असं लिहायचं आणि मग उघडायचं. एकदाच दुमडलेल्या कार्डात फार गोंधळ होत नाही. पण ए-फोर दोनदा दुमडून छोटं कार्ड केलं आणि सगळं कागदाच्या एकाच बाजूला काढायचं असलं, तर उघडल्यावर आतला मजकूर डोकं खाली पाय वर असा काढावा लागतो. हे डोक्यात करायला गेलात तर रात्रीचे दोन वाजतील. डमीने अर्ध्या मिनिटात कळतं.

आणखी एक. कारखान्यातल्या कागदाला दिशा असते, तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, त्या रेषेत दुमड घ्या. उलट घेतलीत तर जाड कार्डपेपर दुमडीवर तडकतो. दुमडायच्या जागी पट्टी लावून संपलेल्या रिफीलने एक रेघ दाबून ओढा, दुमड सरळ येते. अशी रेघ स्केचमध्ये तुटक रेषेने दाखवायची. ते मात्र सगळ्यांना शिकवलेलं आहे!

आता खरं उदाहरण सांगते, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल.

मागच्या वर्षी आमच्या मेसच्या मावशी काम सोडून गावी निघाल्या. कार्ड द्यायचं हे एकमताने ठरलं. कसं द्यायचं यावर मात्र कॉमन रूममध्ये दीड तास भांडण. एक गट म्हणत होता, टेम्प्लेट घेऊन कलर प्रिंट काढू, इंग्रजीत छान कोटेशन टाकू. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं, पण सावकाश, आणि चष्म्याचा नंबर वाढलेला. दुसऱ्या गटाला थर्मोकोलचा तवा आणि पोळ्या चिकटवायच्या होत्या. मी रफ पेपर वाटले. (सिस्टरांचा गुण, दुसरं काय!) म्हटलं, प्रत्येकीने एकएक लेआउट काढा, आणि काढताना एवढंच डोक्यात ठेवा की मावशी हे गावी एकट्या बसून वाचणार आहेत.

तेवढ्या एका वाक्याने चर्चेचा नूर बदलला. एकीने विचारलं, अक्षर किती मोठं लागेल? मेसच्या भिंतीवर लावलेला मेनू मावशी लांबून वाचायच्या, त्यातलं अक्षर मोजून आलो. शिरोरेषेपासून तळापर्यंत ८ मिलिमीटर धरायचं ठरलं. इथे मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट कळली, कारण शाळेत सगळं इंग्रजीतच लिहिलेलं. देवनागरीला ओळींमध्ये जास्त हवा लागते. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार. इंग्रजीच्या अंदाजाने ओळी आखल्या तर वरच्या ओळीतल्या 'तुम्हाला' मधला तु चा उकार खालच्या ओळीतल्या 'निरोगी' च्या वेलांटीत जाऊन अडकतो. म्हणून ८ मिलिमीटरच्या अक्षराला ओळ १६ मिलिमीटरची धरली. आमचं कार्ड कॅलेंडरसारखं वर उघडणारं होतं, आतलं एकेक पान २१० रुंद आणि १४८ उंच. चारी बाजूंना १० मिलिमीटर मार्जिन सोडलं की उंची राहते १२८. म्हणजे बरोबर आठ ओळी.

आठ ओळी! तोपर्यंत लिहिलेला मजकूर वीस ओळींचा होता आणि त्यात 'आदरणीय', 'मातृतुल्य', 'अन्नपूर्णा' असे मोठमोठे शब्द होते. आठ ओळींत साधारण पस्तीस शब्द बसतात. मग विचार करावाच लागला. विशेषणं एकेक करून गळाली. राहिलं काय, तर पीएलमध्ये रात्री झाकून ठेवलेले पोहे, ताप आलेल्या मुलीच्या खोलीवर न सांगता पाठवलेली मुगाची खिचडी, आणि पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने जेवण जात नसलेल्या मुलींना "अगं, अर्धी तरी खा" म्हणणं. हे शब्द कुठल्याही टेम्प्लेटमध्ये मिळाले नसते. आणि खरं सांगायचं तर जागा अमर्याद असती तर आम्हालाही सुचले नसते.

सह्यांचा प्रश्न याहून मोठा. एरवी काय होतं? पहिल्या दहा जणी ऑटोग्राफ दिल्यासारख्या झोकात सह्या करतात आणि शेवटच्या वीस जणी कडेकडेने मुंग्यांसारख्या. आमच्या हॉस्टेलला तळमजला धरून चार मजले, मजल्यावर आठ खोल्या, खोलीत दोघी. एकूण ६४. एका मुलीच्या स्केचमध्ये वरच्या पानावर आठ उभे आणि चार आडवे घर असा तक्ता होता. ती म्हणाली, हे आपलं हॉस्टेल, समोरून. सिव्हिलच्या भाषेत फ्रंट एलेव्हेशन! खालच्या ओळीत तळमजला, सगळ्यात वर तिसरा. १९० ला आठने भागलं आणि १२८ ला चारने. प्रत्येक खोलीला जवळजवळ २४ बाय ३२ मिलिमीटर. त्यात एकीखाली एक दोन सह्या आरामात बसतात. मावशी आम्हाला नावाने कमी आणि खोलीच्या नंबराने जास्त ओळखायच्या. 'दोनशे सातवाली डबा विसरली' असंच त्यांचं बोलणं. त्यामुळे सह्या खोलीप्रमाणे लावणं हे सजावटीपुरतं नव्हतं, त्यांना आम्ही सापडाव्यात यासाठी होतं.

कार्ड दिलं तेव्हा मावशींनी आठ ओळी स्वतः वाचल्या, बोट ठेवून. मध्ये कुणी वाचून दाखवावं लागलं नाही. मग वरच्या पानावर बोट गेलं आणि त्या एकेक खोली शोधायला लागल्या. "ही दोनशे सात. ही एकशे तीन, हिला भेंडी चालत नाही." ग्लिटर त्या कार्डावर नव्हतंच. लेस नव्हती. रंग फक्त खिडक्यांना, तोही स्केचपेनने. त्यांना ते कुठे जाणवलंसं दिसलं नाही.

याच्या उलट गोष्ट आमच्या वर्गातल्या मुलांची. ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाला, त्यांनी कार्ड उघडलं की कॉलेजची इमारत उभी राहील असं पॉप-अप केलं. उघडल्यावर एकदम झकास! मिटल्यावर इमारतीचा कठडा कार्डाच्या बाहेर. पाकिटात जाईना, तेव्हा कात्रीने कठडाच उडवला. यात अवघड काही नव्हतं. अशा पॉप-अपमध्ये दोन पानं आणि मधली घडी मिळून एक समांतरभुज चौकोन तयार होतो. दुमडीपासून खालच्या पानावरचं अंतर आणि वरच्या पानावरचं अंतर, यांची बेरीज म्हणजे मिटल्यावर तो कागद दुमडीपासून जितका लांब पोचतो ते अंतर. त्यांनी ९० आणि ७० घेतलं होतं. बेरीज १६०. पान १४८ चं. १२ मिलिमीटर बाहेर येणार हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. मेकॅनिझमचा पेपर देणारी मंडळी होती ती! पण कार्ड मिटलेलं कसं दिसेल याचं स्केच कुणी काढलंच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडलेलं कार्ड. पाकीटही आधी ठरवावं. दुमडलेल्या ए-फोर कार्डाला सी-फाइव्ह पाकीट लागतं, १६२ बाय २२९. म्हणजे एका बाजूला १४ आणि दुसरीला १९ मिलिमीटर सवलत, बास.

आता काही आक्षेप घेऊ.

पहिला: "मनापासून केलेल्या गोष्टीला प्लॅन कशाला? त्यातली उत्स्फूर्तता जाते." मला हे पटत नाही. रांगोळीचे ठिपके मोजले म्हणून दिवाळीचा आनंद कमी होत नाही. आणि रात्री साडेबाराला जागा नाही म्हणून घाईत लिहिलेलं 'विथ लव्ह' यात उत्स्फूर्त काय आहे? ती तर नाइलाजाची ओळ!

दुसरा: "दुसऱ्याचं लेआउट स्केच बघून कार्ड केलं तर ती जीटी नाही का?" हा आक्षेप बरोबर जागी आहे. कार्ड बनवणारी हौशी मंडळी एकमेकांना अशी स्केचेस देत असतात, आणि त्यावरून बनवणं मला गैर वाटत नाही. कारण स्केचमध्ये वस्तू नसतात, फक्त जागा असतात. चाळीतल्या सगळ्या खोल्यांचा आराखडा एकच असतो, तरी आत गेलं की प्रत्येकाचा संसार वेगळा. चौकोन घ्या, चौकोनात काय भरायचं ते मात्र स्वतः ठरवा. जीटीत भरलेला संसारच उचलला जातो.

तिसरा: "सबमिशनच्या दिवसांत एवढा वेळ कुणाला आहे?" वेळ वाचवायचाच तर स्केच काढा. आमच्या मावशींच्या कार्डाला स्केच, डमी आणि भांडण धरून अडीच तास लागले, त्यात दीड तास भांडणाचा. कागद एक लागला. एकही वाया गेला नाही.

चौथा आक्षेप मीच घेते. सगळ्या कार्डांना हे लागतं का? नाही. जिवलग मैत्रिणीला वहीच्या पानावर दोन ओळी खरडून दिल्या तरी चालतं, तिला तुमचं अक्षर आणि तुमचा आळस दोन्ही माहीत असतात. पण जिथे पुष्कळ जण मिळून एकाच माणसाला काही सांगणार असतात, तिथे सगळ्यांचं सगळं मावणार नसतं. कशाला जागा द्यायची हे कुणीतरी ठरवावंच लागतं. स्केच काढलं नाही तर ते आपोआप ठरतं, आणि बहुतेक वेळा ग्लिटरवाला जिंकतो.

म्हणून दोन सूचना करते. एक गॅदरिंगच्या कमिटीला. आपल्या ग्रीटिंग कार्ड स्पर्धेत परीक्षक फक्त तयार कार्ड बघतात. त्यामुळे दरवर्षी महागडं सामान आणणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि बाजारातून आणलेलं चिकटवलं की घरी केलेलं तेही कळत नाही. या वर्षीपासून कार्डासोबत रफ स्केचचा कागद जोडणं सक्तीचं करा आणि ५० पैकी १५ गुण त्याला ठेवा. कार्ड कुणासाठी आहे हे स्केचच्या वर एका ओळीत लिहायला लावा. खर्च शून्य.

दुसरी सूचना ड्रॉइंगच्या सरांना आणि मॅडमना, नम्रपणे. पहिल्या वर्षाच्या मुलांना एखादी शीट अशी द्या, की तिचा विषय प्रत्येकाने आपला आपण आणायचा. पाकिटाचं डेव्हलपमेंट असो, पॉप-अप कार्डाचे दोन व्ह्यू असोत, काहीही. ज्या शीटवर प्रत्येकाचं माप वेगळं, तिची जीटी मारता येत नाही. काचेखालची ट्यूबलाइट आपोआप बंद होईल आणि हॉस्टेलचं वीजबिलही थोडं उतरेल! रेक्टर मॅडम या सूचनेला पाठिंबा देतील अशी खात्री आहे.

बाकी आपल्या हातातलं आपण करूच. टर्म संपताना प्रत्येक मजल्यावर पोतंभर शीट्स रद्दीत जातात. एका कोऱ्या ए-टू शीटमधून चार ए-फोर निघतात, म्हणजे चार कार्डं, आणि ड्रॉइंग शीटचा कागद रंग आणि शाई दोन्ही चांगलं धरतो. प्रत्येक मजल्यावर एक खोका ठेवू या, ज्यात कोऱ्या किंवा अर्ध्या कोऱ्या शीट्स टाकायच्या. आमच्या मजल्यावरचा खोका जिन्याजवळ ठेवलाय. फायनल इयरचा सेंड-ऑफ जवळ येतोय, लागतील तितक्या घेऊन जा. पेन्सिल मात्र आपली आपण आणा, आणि रबरही.